दम आहे तोवर बोलून घेऊ: फुप्फुसाच्या गंभीर आजारात पुढचे उपचार आधी ठरवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका आहे. बरीच वर्षं छातीच्या वॉर्डात काढली. आता जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या गावांत, घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णांकडे जाते. हे प्रश्न तिथलेच आहेत. काही फोनवर आलेले, काही ओट्यावर चपला घालता घालता हळूच विचारलेले. ज्या शब्दांत आले तसेच ठेवले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, फक्त त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. “पुढचे उपचार आधी ठरवून ठेवा” असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे नेमकं काय करायचं?

आजार वाढला तर मला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि मला बोलता येत नसेल तेव्हा माझ्या वतीने कोण बोलणार, हे रुग्णाने शुद्धीत असताना घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठेवायचं. जे पक्कं ठरेल ते कागदावर आणायचं. कागद शेवटी येतो. नुसतं बोलणं झालं असेल तरी त्याचा फार उपयोग होतो. पण न बोलता, वकिलाकडून भरून आणलेला कागद ऐन वेळी घरात कुणालाच उलगडत नाही.

यात उपचार बंद करायचंच ठरवावं लागतं, असं अजिबात नाही. “शेवटपर्यंत सगळं करा” हेही ठरवणंच आहे, आणि तेही मी अनेकांचं लिहून घेतलं आहे.

२. आमच्या वडिलांना नुसता दमा आहे, कॅन्सर नाही. मग हे आत्ताच कशाला?

आपल्याकडे दम लागला की त्याला दमाच म्हणतात. त्या एका शब्दाखाली वेगवेगळे आजार असतात. तरुणपणापासून येणारा-जाणारा दमा वेगळा. विडीने, चुलीतल्या पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुराने, जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने वर्षानुवर्षं श्वासनळ्या खराब होतात, तो सीओपीडी वेगळा. फुप्फुसं आतून घट्ट आणि कडक होत जातात, तो फायब्रोसिस वेगळा. टीबी बरा होऊनही फुप्फुसाचा मोठा भाग निकामी राहतो, तेही वेगळं. फाइलवर नाव काय लिहिलंय ते आधी विचारा.

सीओपीडीचा माणूस पायऱ्या उतरत जातो. दम एकदम वाढण्याचा एक अटॅक येतो, दवाखाना होतो, घरी येतो, पण आधीच्या पायरीवर परत चढत नाही. आधी शेतात जायचा, मग ओसरीपर्यंत, मग मोरीपर्यंत. कुठला अटॅक शेवटचा हे आधी सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा घरच्यांना उतार दिसत जातो आणि थोडा वेळ मिळतो. इथे माणूस सकाळी चहा पितो आणि रात्री आयसीयूत असतो. म्हणून आत्ता.

३. बोलायची योग्य वेळ कोणती?

अटॅक येऊन गेल्यावर, घरी येऊन दोन-तीन आठवडे झाले की. तेव्हा आठवण ताजी असते आणि दम थोडा हाताशी असतो.

वर्षभरात श्वासासाठी एकदा जरी दाखल करावं लागलं असेल, त्यात बायपॅप (हवा आत ढकलणारा मास्क, प्र. ६) लागला असेल, घरी ऑक्सिजन सुरू झाला असेल, आंघोळ करताना किंवा सदरा घालताना दम लागत असेल, वजन उतरत असेल, तर पुढच्या तपासणीला हा विषय काढाच. फायब्रोसिसमध्ये निदान झालं की लगेच काढा. त्यात काही रुग्ण फार झपाट्याने खालावतात.

आणखी एक कारण आहे. सीओपीडीत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो तेव्हा माणूस गुंगतो, सकाळी डोकं दुखतं, बोलणं असंबद्ध होतं. त्या अवस्थेत त्याला विचारलेलं आणि त्याने सांगितलेलं, दोन्हींवर भरवसा ठेवता येत नाही.

४. विषय काढायचा कसा? घरात म्हणतात, अभद्र बोलू नका.

माझा अनुभव उलटा आहे. म्हातारी माणसं स्वतःहून बोलतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना आजी सहज म्हणून जाते, “पुढल्या साली मन्ही घागर कोण भरी?” आणि आपणच घाईने म्हणतो, “असं नको बोलू ना!” तिने दार उघडलेलं असतं, बंद आपण करतो. पुढच्या वेळी तिला थांबवू नका. नुसतं विचारा, “का गं, असं का वाटलं?”

मरणापासून सुरुवात करू नका. मागच्या दवाखान्यापासून करा. यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदार काकांना मी विचारलं होतं, “मागच्या वेळी आयसीयूत सगळ्यात जास्त काय खुपलं?” मला वाटलं मास्क म्हणतील, सुया म्हणतील. ते बराच वेळ गप्प बसले. नळीतून ऑक्सिजनचा बारीक आवाज येत होता. मग म्हणाले, “तिथं किती वाजले तेच कळत नव्हतं. दिवस का रात्र, कोणी सांगे ना. आणि ही बाहेर बाकावर.” काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या एका वाक्यातून पुढचं सगळं निघालं. बायपॅप चालेल, दवाखाना चालेल, पण बायको जवळ बसू शकेल अशा खोलीत. आणि आयसीयूतून परत येण्याची आशा नसेल तर घरी, भिंतीवरचं घड्याळ दिसेल अशा खाटेवर. हे त्यांनी सांगितलं नसतं तर मुलांच्या डोक्यात घड्याळ कधी आलं असतं?

पुढचे प्रश्न असे असू शकतात: कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? कुठली गोष्ट करता आली नाही तर जगणं नकोसं होईल? थोडे दिवस वाढावेत म्हणून किती त्रास सोसायची तयारी आहे? सगळं एका बैठकीत होत नाही. दम लागला की थांबा, चहा करा, आठवड्याने परत बसा.

५. माय ला तिचा आजार किती वाढलाय हे आम्ही सांगितलेलंच नाही. तिला धक्का बसेल.

तुमची माया कळते. पण जी बाई रात्री तीन वाजता उशी मांडीवर घेऊन बसून असते, तिला आपलं काही बरं नाही हे कळलेलं असतं. तिला फक्त ते एकटीने सोसावं लागतं, कारण घरात सगळे “काही नाही, बरं होईल” म्हणतात.

सगळं एकदम सांगू नका. आधी विचारा, “डॉक्टरांशी बोलणं झालं, तुला किती सांगू?” ती म्हणेल तितकंच सांगा. काही जणी म्हणतात, “मला नको सांगू, धाकल्याशी बोला, तो ठरवेल.” हाही तिचाच निर्णय आहे. तो डॉक्टरांसमोर तिच्या तोंडून वदवून घ्या, केसपेपरवर लिहायला सांगा आणि तो “धाकला” पुढे प्र. १० मध्ये सांगितल्याप्रमाणे नेमून ठेवा.

६. ऑक्सिजन, बायपॅप, व्हेंटिलेटर हे सगळं एकच ना? आम्हाला “मशीन” नको आहे.

नाही, आणि याच गोंधळातून सगळ्यात मोठ्या चुका होतात. “मशीन नको” एवढंच लिहिलेला कागद धोक्याचा आहे.

घरचा ऑक्सिजन म्हणजे नाकातली नळी. ज्यांच्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण स्थिर अवस्थेतही ८८ टक्क्यांच्या खाली राहतं, त्यांना तो साधारणपणे दिवसाला निदान १५ तास लावायला सांगतात. सीओपीडीत, विशेषतः कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर, ८८ ते ९२ टक्के पुरे असतात. ९८ दिसावेत म्हणून घरच्या घरी फ्लो वाढवू नका, त्याने गुंगी येऊ शकते. आणि नळी लावलेली असताना चूल, विडी, देवघरातला दिवा, उदबत्ती सगळं लांब ठेवा.

बायपॅप म्हणजे तोंडा-नाकावर घट्ट बसणारा मास्क. तो हवा आत ढकलतो. माणूस शुद्धीत असतो, डॉक्टर परवानगी देतील तेव्हा मास्क काढून दोन घोट पाणी पिऊ शकतो, खुणेने बोलू शकतो. सीओपीडीच्या अटॅकमध्ये कार्बन डायऑक्साइड वाढला असेल तर हा मास्क खरोखर जीव वाचवतो आणि पुष्कळदा व्हेंटिलेटरची वेळच येऊ देत नाही. “मशीन नको” म्हणून यालाही नकार गेला तर बरा होऊ शकणारा माणूस जातो.

व्हेंटिलेटर म्हणजे तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी. बोलता येत नाही, तोंडाने खाता येत नाही, बहुतेक वेळा गुंगीचं औषध चालू असतं. सीओपीडीच्या माणसाला न्यूमोनिया झाला असेल, म्हणजे कारण बरं होण्यासारखं असेल, तर काही दिवस व्हेंटिलेटरवर काढून तो घरी परतू शकतो. फायब्रोसिस पुढच्या टप्प्यात असेल तर नळी निघून माणूस घरी जाण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून आजाराचं नाव माहीत असणं महत्त्वाचं. बरेच दिवस नळी लागली तर गळ्याला छेद देऊन तिथून नळी बसवतात. तो आणखी वेगळा निर्णय.

चौथी गोष्ट छाती दाबण्याची. हृदय थांबल्यावर ते पुन्हा सुरू करण्यासाठी छाती जोराने दाबतात, शॉक देतात. आजाराने झिजलेल्या शरीरात याने माणूस परत येण्याची आशा थोडी असते आणि बरगड्या मोडू शकतात. हे करू नये असं ठरलं तर डॉक्टर तशी नोंद करतात. त्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

या चार गोष्टींचं उत्तर वेगवेगळं द्या. हे मी इतकं आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. माझे आप्पा जिनिंगमध्ये कामाला होते. शेवटच्या अटॅकला त्यांना एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “सगळं करायचं ना?” आणि मी परिचारिका असूनही नुसती मान हलवली. सहा दिवस नळी होती. ती ओढू नये म्हणून हात पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेले. मी हात धरला की ते माझ्या तळहातावर बोट फिरवायचे, काहीतरी लिहिल्यासारखं. मला वाचता आलं नाही. नळी घालायच्या आदल्या रात्री ते एवढंच म्हणाले होते, “माले घर ली चाल.” आम्हाला वाटलं, दवाखान्याचा कंटाळा केला.

७. एकदा व्हेंटिलेटर लावला की काढताच येत नाही म्हणतात. खरं आहे का?

खरं नाही. ही भीती दोन्ही बाजूंनी नुकसान करते. काही घरं त्या भीतीने गरज असतानाही नको म्हणतात.

लावण्याआधीच डॉक्टरांना विचारता येतं: “आपण ठरावीक दिवस बघू या का? काय सुधारलं तर पुढे जायचं, काय नाही सुधारलं तर थांबायचं?” याला मुदतीचा प्रयत्न म्हणू. तीन दिवस, पाच दिवस, आजारानुसार. मुदत आणि कशावरून सुधारणा ठरवायची, दोन्ही केसपेपरवर यायला हवं. रुग्णाने आधी सांगून ठेवलं असेल तर घरच्यांना थांबण्याचा निर्णय स्वतःच्या छातीवर दगड ठेवून घ्यावा लागत नाही. सुधारणा न होता थांबायची वेळ आली तर रीतसर पद्धत आहे, ती प्र. १४ मध्ये.

८. “व्हेंटिलेटर नको” लिहून दिलं तर मग डॉक्टर आमच्याकडे बघणारच नाहीत ना?

बघायलाच हवं. एक उपचार नाकारला म्हणजे रुग्ण सोडून दिला, असं होत नाही. अँटिबायोटिक, पंप, नेब्युलायझर, ऑक्सिजन, बायपॅप, दम कमी करणारी औषधं हे सगळं चालू राहतं. कागदावरच तसं एक वाक्य घाला: “मला श्वासाचा त्रास कमी करणारे सर्व उपचार हवे आहेत.”

आणि घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. चेहऱ्यावर पंख्याचा झोत घ्या, छोटा हातात धरायचा पंखाही चालतो. गार वारा गालावर आणि नाकाजवळ लागला की दम लागल्याची जाणीव खरोखर कमी होते. पुढे वाकून मांडीवर कोपर टेकवून बसवा. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायला लावा. खोलीत पाचच्या वर माणसं नकोत. खान्देशातल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की, पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. ओली चादर खिडकीला लावा, पण खोलीत हवा खेळती राहिली पाहिजे.

९. डॉक्टर मॉर्फिन म्हणाले. त्याने श्वास बंद पडतो ना?

मॉर्फिन हे अफूपासून बनणारं, वेदना आणि दम कमी करणारं औषध. जास्त मात्रेत, नको तिथे दिलं तर धोका असतो. पण सगळे उपचार करूनही दम जात नाही तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली अगदी थोडी मात्रा श्वासाची तडफड कमी करते. ते आयुष्य संपवण्याचं औषध नाही. सोबत बद्धकोष्ठतेचं औषध लागतं, ते मागून घ्या. मॉर्फिन सगळ्या मेडिकलवर मिळत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवण्याची वाट सोपी झाली. कुठे मिळेल हे डॉक्टरांना आधीच विचारा. रात्री अकराला शोधायची वस्तू नव्हे ती.

१०. असा कागद कायद्याने चालतो का? करायचा कसा?

चालतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ खटल्यात सांगितलं की सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच येतो, आणि असा आगाऊ वैद्यकीय निर्देश करता येतो. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची. कोण जाणार तिथवर? २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती अट काढली आणि पद्धत सोपी केली.

आता असं आहे. करणारा अठरा वर्षांपुढचा, शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करणारा हवा. कोणत्या परिस्थितीत कोणता उपचार नको, हे स्पष्ट लिहायचं. “जास्त त्रास देऊ नका” असं मोघम नको. बोलता आलं नाही तर ज्यांचं म्हणणं धरायचं त्या एका किंवा अधिक पालकांची (म्हणजे आईवडील नव्हे, तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसांची) किंवा जवळच्या नातेवाइकांची नावं घालायची. परिणाम समजून सही करतो आहे आणि हा कागद मी कधीही रद्द करू शकतो, हेही लिहायचं. दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, त्यांच्या समोर सही, आणि ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित. तालुक्याच्या कोर्टाबाहेर नोटरी बसतातच. माणूस खाटेवरून हलू शकत नसेल तर नोटरींना घरी येण्याची विनंती करा.

मग प्रती. नेमलेल्या माणसांना एक-एक, फॅमिली डॉक्टरांना एक, आणि स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे एक. म्हणजे जळगाव किंवा धुळे शहरात महानगरपालिका, भुसावळ, अमळनेर, नंदुरबार अशा ठिकाणी नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. तिथे हा कागद जपणारा अधिकारी नेमायचा असतो. मुंबईतले डॉक्टर निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात या नेमणुकांना वेग आला. तरी टेबलावरच्या कारकुनाला हे नवं वाटू शकतं. वाद घालू नका, अर्जासोबत प्रत द्या आणि पोच घ्या.

११. आजोबांना सही येत नाही, आणि त्यांना अहिराणीच नीट समजते.

अंगठा चालतो. पण कागद त्यांना त्यांच्या बोलीत पूर्ण वाचून दाखवा, आणि “मजकूर अहिराणीत वाचून व समजावून सांगितला, त्यांनी मान्य केला” असं साक्षीदारांच्या सहीवर लिहा. शहादा-धडगावकडे पावरी किंवा भिलीबद्दल तेच. दुभाषा घरातला, ज्याचा जमिनीत हिस्सा आहे असा नको. आशाताई किंवा शाळेतले गुरुजी बरे. फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं तर पुढे मुलांना आधार होतो, पण नुसतं रेकॉर्डिंग कागदाची जागा घेत नाही.

१२. वतीने बोलायला कोणाला नेमावं? थोरला सुरतला असतो, सून जवळ असते.

मान कोणाचा, हे नका बघू. ऐन वेळी फोन कोण उचलेल, दवाखान्यात अर्ध्या तासात कोण पोहोचेल, आणि स्वतःचं मन बाजूला ठेवून तुमचं म्हणणं कोण सांगेल, ते बघा. ती सून असू शकते, मुलगी असू शकते, पुतण्या असू शकतो. दोघांना नेमलं तर मतभेद झाल्यास कोणाचं म्हणणं धरायचं तेही लिहा. थोरल्याला आधी सांगा, तुमच्या तोंडून. कागदावर स्वतःचं नाव नाही हे त्याला आयसीयूच्या दारात कळू नये.

मूलबाळ नाही, एकटी बाई आहे, तिने तर हे सगळ्यात आधी करावं. विश्वासातली शेजारीण किंवा भाची नेमण्याबद्दल वकिलांशी बोला आणि डॉक्टरांना तिची ओळख करून द्या.

१३. कागद आहे, पण मोठे काका येऊन म्हणतात, “काही ऐकायचं नाही, व्हेंटिलेटर लावा.”

हे होतंच. लांबून येणाऱ्या माणसाच्या मनात न भेटल्याची खंत असते, ती अशी बाहेर पडते. त्यांच्याशी कागदाच्या भाषेत भांडू नका. “रुग्ण हे कधी, कुठे बसून, काय म्हणाला” ते सांगा. रेकॉर्डिंग असेल तर ऐकवा. मग डॉक्टरांना सगळ्यांना एकत्र बसवून बोलायला सांगा. हक्काची गोष्ट एवढीच आहे की रुग्णाने नेमलेल्या माणसाचं म्हणणं धरायचं. काकांचं वय मोठं असलं तरी तो अधिकार त्यांच्याकडे येत नाही.

१४. कागद दाखवला की डॉक्टर लगेच उपचार थांबवतात का? नाही म्हणाले तर?

लगेच नाही, आणि ते बरोबरच आहे. रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर कागद बाजूला, त्याचं तोंडचं म्हणणं खरं. तो निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल आणि आजारातून सुधारण्याची आशा नसेल, तेव्हाच कागद लागू होतो. म्हणजे बरा होण्यासारखा अटॅक असेल तर कागद असूनही डॉक्टर उपचार करतील.

लागू होण्यासारखी स्थिती असली की दवाखाना प्राथमिक मंडळ बसवतो: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे निदान दोन तज्ज्ञ. त्यांनी होकार दिला तर दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले निदान दोन तज्ज्ञ. दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं, परवानगी मागायची नाही. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं.

छोट्या गावच्या दवाखान्यात इतके तज्ज्ञ नसतात, हे मी जाणते. म्हणून दाखल करण्याआधीच, शांतपणे, विचारून ठेवा: “आमच्याकडे असा कागद आहे, तुमच्याकडे मंडळाची सोय आहे का?” नंदुरबारकडची मंडळी पुष्कळदा सुरतला नेतात. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तिथेही तसाच लागू आहे, फक्त मराठी कागदाची एक गुजराती किंवा इंग्रजी प्रत सोबत असू द्या.

१५. कागद कधी केलाच नाही. वडील आता आयसीयूत बेशुद्ध आहेत. डॉक्टर म्हणतात, “सही करून घरी न्या.”

कागद नसलेल्यांसाठीही न्यायालयाने वाट ठेवली आहे. जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने तीच दोन मंडळं (प्र. १४) निर्णय घेऊ शकतात.

“डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत” अशा सहीवर घरी नेणं आपल्याकडे सर्रास चालतं. पैसे संपले, आशा संपली, आणि मग ती सही. त्यात वाईट हे की माणूस घरी येतो तो ऑक्सिजनशिवाय, औषधाशिवाय, कोणाला फोन करायचा हे माहीत नसताना. न्यायचंच असेल तर सही करण्याआधी चार गोष्टी मागा: दम आणि तडफड कमी करणारी औषधं लिहून, ती द्यायची कशी हे दाखवून, ऑक्सिजनची सोय, आणि घरी येऊ शकतील अशा डॉक्टरांचं नाव. आणि “वडील बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?” हे एकमेकांना विचारा. “आपल्याला काय हवं” हा प्रश्न त्यानंतर.

१६. दम लागला की आई म्हणते, “मले मरू द्या.” बरं वाटलं की म्हणते, “मला दवाखान्यात न्या.” खरं काय धरायचं?

दोन्ही खरं आहे. पहिलं वाक्य बहुतेक वेळा “हा दम थांबवा” असं असतं. आधी दम थांबवा, मग विचारा. बरेच दिवस झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशातच मन नाही असं असेल तर डॉक्टरांना सांगा. दीर्घ आजारात उदासी येते आणि तिच्यावर उपचार आहेत. तो झाल्यावर म्हणणं बदलू शकतं.

मन बदलणं हा दोष नाही. कागद लेखी देऊन कधीही रद्द करता येतो, नवा करता येतो. दोन असले तर शेवटचा धरतात. प्रत्येक वेळी दाखल होऊन आलात की काढून वाचा.

१७. शेवट घरीच व्हावा अशी इच्छा आहे. काय तयारी लागते? पुढे कागदपत्रांचा त्रास होईल का?

लाइट गेली तर काय, हा पहिला प्रश्न. मिनिटाला पाच लिटर देणारं ऑक्सिजन मशीन साधारण साडेतीनशे वॅट घेतं. इन्व्हर्टर किती वेळ ओढेल ते आधी चालवून बघा. भरलेला सिलिंडर घरात हवाच. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर वायू असतो, मिनिटाला दोन लिटरच्या फ्लोवर दोन दिवसांहून थोडा जास्त पुरतो. लहान, १५०० लिटरचा, सुमारे बारा तास. सिलिंडर उघडायचा पाना कुठे आहे ते घरातल्या दोघांना माहीत हवं. एकदा रात्री सिलिंडर भरलेला होता आणि पाना शेतातल्या खोलीत होता, ते घर मी विसरले नाही.

१०८ ला फोन केला तर ते लोक जीव वाचवायलाच येतात आणि दवाखान्यात नेतात. ते त्यांचं कामच आहे. त्यामुळे घरीच राहायचं ठरलं असेल तर आधी कोणत्या डॉक्टरांना फोन करायचा ते भिंतीवर लिहा. श्वास अडखळतो, घशात घरघर होते, हातपाय गार पडतात, हे शेवटच्या तासांत होतं. ते आधी माहीत असलं की घाबरून धावाधाव होत नाही.

आजाराने घरी झालेल्या नैसर्गिक मृत्यूला पोलीस लागत नाहीत. शेवटच्या आजारात बघणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात, म्हणून ते महिन्या-दोन महिन्यांत एकदा तरी येऊन गेलेले असावेत. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत नोंद करा.

१८. हे इच्छामरण किंवा आत्महत्याच नाही का? देवाधर्मात बसतं का?

औषध देऊन कोणाचं आयुष्य संपवणं भारतात गुन्हा आहे आणि या कागदाने त्याला परवानगी मिळत नाही. आजार आपल्या वाटेने जात असताना फक्त लांबण लावणारा उपचार नाकारणं वेगळं. धर्माचं म्हणाल तर ज्यांच्यावर तुमची श्रद्धा आहे त्यांना रुग्णासमोरच विचारा. मी एवढंच पाहिलं आहे की कानबाईच्या रोटाच्या सणाला घरात बसून असलेला माणूस आणि आयसीयूत हात बांधलेला माणूस, दोघांचे चेहरे वेगळे असतात.

१९. नेत्रदान याच कागदात लिहायचं का?

वेगळं लिहा. फुप्फुस खराब असलं तरी डोळे बहुधा देता येतात, मृत्यूनंतर सुमारे सहा तासांत घ्यावे लागतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्येही एक आगाऊ निर्देश आहे, तो फक्त मानसिक आजाराच्या उपचारांसाठी. दोन्ही एकमेकांत मिसळू नका. मृत्युपत्र तर पूर्ण निराळं, शेताचं आणि घराचं.

२०. कागद ठेवायचा कुठे?

कपाटाच्या लॉकरमध्ये नको. चावी ज्याच्याकडे असते तो त्या रात्री लग्नाला गेलेला असतो. झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून दवाखान्याच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. घरातल्या तिघांच्या फोनमध्ये फोटो असू द्या. पारोळ्याकडच्या एका आजींनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खिळ्याला अडकवला आहे, वर मोठ्या अक्षरांत नातीचं नाव आणि नंबर. महिना बदलताना पान उलटलं की तो दिसतो, आणि आजी दर वेळी नातीला वाचून दाखवायला लावतात.